सेंट जॉन बेटावर सहा जणांसाठी भाड्याची गाडी कोणती घ्यावी?

कोयनाकाठ

नमस्कार. फेब्रुवारीत आम्ही सहा जण सहा दिवसांसाठी यूएस व्हर्जिन आयलंड्सला जात आहोत. मी, पत्नी, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि सध्या कऱ्हाडहून न्यू जर्सीला आमच्याकडे राहायला आलेले आई-बाबा. ते दोघे पर्यटक व्हिसावर असल्यामुळे आणखी एखाद्या देशाचा व्हिसा काढायची वेळ येऊ नये, म्हणून कॅरिबियनमधली अमेरिकेच्या ताब्यातली हीच बेटे आम्ही निवडली. विमान सेंट थॉमसला उतरेल, पण मुक्काम सेंट जॉनवर, कोरल बेच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावरील एका भाड्याच्या घरात आहे. घरमालकीणबाईंनी निरोपात एवढेच लिहिले आहे की फोर व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी आणू नका.

माझी अडचण अशी आहे की छायाचित्रांत सगळीकडे दिसणारी जीप रँगलर पाच जणांची आहे आणि आम्ही सहा आहोत. तीन रांगांची मोठी एसयूव्ही घ्यावी की दोन लहान गाड्या घ्याव्यात, हे ठरत नाही. गाडी सेंट थॉमसच्या विमानतळावरच घेऊन बोटीने पलीकडे न्यावी, की सेंट जॉनला पोहोचल्यावर क्रूझ बे गावात घ्यावी? विम्याचेही मला नीट कळत नाही. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, हेही लक्षात घेऊन सांगावे ही विनंती.

सागरगोटा

कोयनाकाठ, आम्ही या बेटांवर दोनदा जाऊन आलो आहोत. गाडीच्या आकाराकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण तिचा निवडीशी थेट संबंध आहे. अमेरिकेने 1917 साली डेन्मार्ककडून ही बेटे विकत घेतली, तरी वाहने डाव्या बाजूने चालवण्याची तिथली जुनी रीत बदलली नाही. गाड्या मात्र अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून येतात, त्यामुळे स्टिअरिंगही डावीकडेच असते. वाहतूक डावीकडून आणि चालकही डावीकडे, असा हा प्रकार आहे.

ज्यांनी भारतात गाडी चालवली आहे त्यांना वाटते की डावी बाजू आपल्या सवयीची आहे. मलाही तसेच वाटले होते. पण भारतात चालक उजवीकडे बसतो आणि अमेरिकेत डावीकडे बसतो, म्हणजे दोन्हीकडे तो रस्त्याच्या मधल्या रेषेजवळच असतो. इथे तो कडेला, झाडीच्या बाजूला बसतो. मधल्या रेषेजवळ राहायची अंगवळणी पडलेली सवय इथे पाळली, तर आपण चक्क समोरून येणाऱ्याच्या मार्गात जाऊन बसतो. म्हणून मी मनाशी एवढेच धरून ठेवले होते की माझा डावा खांदा कायम कडेच्या झाडीकडे असला पाहिजे. प्रत्येक वळणानंतर आणि वाहनतळातून बाहेर पडताना हे मोठ्याने म्हणायचे काम माझ्या मुलीकडे होते. फसगत होते ती भर वाहतुकीत नव्हे, तर रिकाम्या रस्त्यावर, सकाळी पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना.

आता तुमच्या आईंच्या दृष्टीने. गाडी डाव्या कडेला थांबली की चालकाच्या शेजारी उजवीकडे बसलेल्या माणसाचे दार वाहत्या रस्त्यावर उघडते. घाईत तिकडून उतरणे धोक्याचे आहे. त्यामुळे आईंना मधल्या रांगेत डावीकडे बसवावे आणि धाकट्या मुलाचे आसनही शक्यतो डाव्या बाजूला येईल असे पाहावे. अशी व्यवस्था तुमच्या माणसांसह त्या गाडीत बसते का, हे आधी घरीच कागदावर मांडून पाहा.

घाटवाट

घरमालकीणबाईंनी फोर व्हील ड्राइव्ह सांगितली आहे ती उगाच नाही. सेंट जॉन हे जेमतेम 50 चौरस किलोमीटरचे बेट आहे, पण त्यात सपाट जमीन फारच थोडी. क्रूझ बेपासून कोरल बेपर्यंत डोंगराच्या कण्यावरून जाणारा सेंटरलाइन रोड आणि समुद्राच्या बाजूने जाणारा नॉर्थ शोअर रोड हे दोन्ही डांबरी रस्ते चांगले आहेत आणि त्यांच्यावर कोणतीही बरी गाडी चालते. खरी परीक्षा असते ती मुख्य रस्ता सोडून घरापर्यंत जाणाऱ्या शेवटच्या तुकड्यात. कुठे कच्चा रस्ता, कुठे काँक्रीटची उभी चढण, आणि चढणीच्या ऐन मध्यावर असे वळण की एका दमात गाडी वळतच नाही. पाऊस पडून गेला असेल तर काँक्रीटवर चाके जागच्या जागी फिरतात.

म्हणून बाईंना तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. शेवटचा रस्ता कच्चा आहे की पक्का, वळणावर लांब गाडी एकदा मागे घ्यावी लागते का, आणि घरापाशी गाडी वळवून तोंड खाली करून उभी करता येते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर दर सकाळी तुम्हाला तो उतार रिव्हर्समध्ये उतरावा लागेल आणि अशा वेळी लांब गाडी नकोशी होते.

तीन रांगांच्या गाडीबद्दल माझे मत थोडे प्रतिकूल आहे. सहा माणसे आणि त्यांचे सामान घेऊन तिथली चढण चढताना इंजिनावर ताण येतो, आणि तिसरी रांग वापरात असली की डिकीत हातभरही जागा उरत नाही. दुसरे असे की केवळ एसयूव्ही म्हटल्याने ती फोर व्हील ड्राइव्ह असतेच असे नाही. बाहेरून अगदी तशीच दिसणारी गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालणारी असू शकते. आरक्षण करताना ‘किंवा त्यासारखी’ असे शब्द असतील, तर फोर व्हील ड्राइव्हच मिळेल हे लेखी घ्यावे. उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवू नये, गिअर खालचा घ्यावा. तुमचे बाबा कऱ्हाडचे आहेत म्हणजे कुंभार्ली घाट त्यांना ठाऊक असणार. त्यांना हे सांगावे लागणार नाही.

कोयनाकाठ

घाटवाट, बाबांनी अनेक वर्षे जीपने कुंभार्लीतून चिपळूणला ये-जा केली आहे. तुमचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवल्यावर त्यांनी सर्वांत आधी टायर कसे असतात ते विचारले. बाईंना तिन्ही प्रश्न पाठवले आहेत. सागरगोटा, रँगलरमध्ये आईला चढता येईल का?

सागरगोटा

माझ्या सासूबाईंच्या अनुभवावरून सांगते. रँगलरची पायरी उंच असते, मागचे दार अरुंद उघडते, आणि पाय आत घेताना गुडघा छातीपर्यंत दुमडावा लागतो. त्या पहिल्या दिवशी वरची मूठ धरून कशाबशा चढल्या. समुद्रावरून परतताना मात्र हात ओले होते, मूठ निसटली आणि त्यांची नडगी पायरीच्या कडेवर सोलवटली. इजा किरकोळ होती, पण त्यानंतर त्या प्रत्येक ठिकाणी ‘मी गाडीतच बसते’ असे म्हणू लागल्या. त्यांच्यासाठी म्हणून काढलेल्या सहलीत त्या गाडीत बसून राहिल्या, याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्या ओळखीत कोणाकडे रँगलर असेल तर आईंना एकदा प्रत्यक्ष चढवून पाहा. नसेल तर मध्यम उंचीची गाडी घ्या आणि घडीचा एक छोटा स्टूल सामानात टाका.

समुद्रकिनारेही याच हिशेबाने निवडावेत. माहो बेला रस्ता आणि वाळू अगदी लगत आहेत. सॉल्ट पाँड बेला मात्र वाहनतळापासून बरेच खाली चालावे लागते आणि परतीची चढण भर उन्हात असते.

विमापत्र

मी गेली अनेक वर्षे वाहनविम्याच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून विम्याबद्दल सविस्तर लिहितो.

तुमच्या न्यू जर्सीतील गाडीची पॉलिसी उघडून त्यातील प्रदेशाचे कलम वाचा. अमेरिकेतील नेहमीच्या खासगी वाहनविम्यात अमेरिका, तिचे ताब्यातील प्रदेश, पोर्तो रिको आणि कॅनडा इतका भाग सामान्यतः धरलेला असतो. व्हर्जिन आयलंड्सचा अमेरिकी भाग त्यात येऊ शकतो. बार्बाडोस किंवा सेंट लुसिया ही स्वतंत्र राष्ट्रे असल्यामुळे तिथे तीच पॉलिसी तुमच्या उपयोगाची नसते. मात्र कंपनीगणिक शब्द बदलतात, म्हणून एजंटकडून ईमेलने लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेला होकार दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही. तुमच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तुम्ही घेतलेलाच नसेल, तर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीलाही संरक्षण मिळणार नाही.

क्रेडिट कार्डाचे संरक्षण ही वेगळी बाब आहे. ते साधारणपणे भाड्याच्या गाडीचे नुकसान आणि चोरी यांपुरतेच असते. दुसऱ्याला झालेली इजा किंवा दुसऱ्याच्या भिंतीचे नुकसान त्यात येत नाही. ते मिळण्यासाठी भाड्याची रक्कम त्याच कार्डावर भरावी लागते, करारात कार्डधारकाचे नाव चालक म्हणून असावे लागते आणि भाडेकंपनी देऊ करते ती नुकसानमाफी, म्हणजे जादा पैसे घेऊन गाडीच्या नुकसानीची भरपाई न मागण्याची सोय, नाकारावी लागते. काही कार्डे तुमच्या स्वतःच्या विम्यानंतर उरलेलेच भरतात, काही थेट भरतात. काही कार्डांच्या यादीत उघड्या टपाच्या किंवा विशिष्ट प्रकारच्या गाड्या वगळलेल्या असतात आणि काही कार्डे जमैकासारखा एखादा देशच वगळतात. म्हणून आधी गाडी ठरवून मग कार्ड पाहू नका. दोन्ही समोर ठेवूनच ठरवा.

आता ज्या कलमाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात ते कलम. अनेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसान, टायर, काच आणि गाडीचा तळ हे सर्व वगळलेले असते. घराचा शेवटचा रस्ता कच्चा असेल, तर फोर व्हील ड्राइव्ह घेऊनही तुम्ही दररोज दोन वेळा कराराबाहेर जाल. सेंट जॉनवरच्या स्थानिक भाडेदारांना तिथली घरे आणि रस्ते माहीत असतात. त्यांना घराचे ठिकाण सांगून, तिथपर्यंत गाडी नेण्यास परवानगी आहे का, हे विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सेंट थॉमसला गाडी घेणार असाल, तर ती बोटीने दुसऱ्या बेटावर नेण्याची मुभा करारात लिहिलेली आहे का हेही पाहा, कारण सगळेच ती देत नाहीत. पत्नीही गाडी चालवणार असतील तर त्यांचे नाव करारात घाला, मग त्यासाठी दिवसाला काही रक्कम जास्त पडली तरी चालेल.

शिंपला

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. प्रत्येक कॅरिबियन बेटावर जीपच लागते असा समज या धाग्यावरून होऊ नये. बार्बाडोस बरेचसे सखल आहे. तिथेही वाहतूक डावीकडून आहे, पण स्टिअरिंग उजवीकडे असते, त्यामुळे भारतात शिकलेल्या माणसाला लवकर जमते. आम्ही तिथे छोटी हॅचबॅक घेतली होती आणि अरुंद गल्ल्यांमध्ये तिचाच उपयोग झाला. पाहुण्यांना तिथे वेगळा वाहनपरवाना घ्यावा लागतो आणि भाड्याच्या गाड्यांच्या क्रमांकपट्टीवर सुरुवातीला ‘एच’ असतो, त्यामुळे पाहुणा चालक आहे हे स्थानिकांना लांबूनच कळते आणि ते सांभाळून घेतात. कुरासावला तर वाहतूक उजवीकडून आहे आणि तिथेही लहान गाडी पुरते. सेंट लुसियाचे डोंगरी रस्ते मात्र तुमच्या सेंट जॉनच्या जातीचे आहेत.

एक प्रवासी

गाडी हवीच का, हाही विचार करावा. क्रूझ बेमध्ये राहणाऱ्या जोडप्याचे टॅक्सीवर भागते. उघड्या बाजूंच्या, बाकडी बसवलेल्या सफारी टॅक्सी किनाऱ्यांवर सोडतात. पण तिथे टॅक्सीचे भाडे माणशी असते. सहा जणांनी दिवसातून दोनदा जायचे म्हटले तर बेरीज भाड्याच्या गाडीच्या वर जाईल, शिवाय तुमचे घर कोरल बेच्या बाजूला आहे. तुमच्या बाबतीत गाडी हवीच. आणि लवकर आरक्षण करा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत सेंट जॉनवरच्या गाड्या काही महिने आधीच संपतात.

रानवारा

कॅरिबियनमधल्याच दुसऱ्या एका बेटावर आमचे काय झाले ते सांगतो. गाडी घेताना मी चारही बाजूंची छायाचित्रे काढली होती आणि निश्चिंत होतो. परत करताना तिथला माणूस सरळ जमिनीवर झोपला, पुढच्या बंपरच्या खालच्या कडेवर बोट फिरवले आणि प्लास्टिक खरवडलेले असल्याचे दाखवले. ते आमच्याकडून झाले असेल किंवा आधीचे असेल, सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हते. डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापली गेली आणि विमानाची वेळ झाल्यामुळे मला सही करून निघावे लागले.

तेव्हापासून मी गाडी ताब्यात घेताना न थांबता एक चित्रफीत काढतो. त्यात बंपरची खालची कड, चारही टायरच्या बाजू, समोरची काच, छप्पर, पेट्रोलचा काटा, स्टेपनी आणि जॅक हे सर्व येते. स्टेपनी नुसती आहे असे पाहून भागत नाही. तिच्यात हवा आहे का हे अंगठ्याने दाबून पाहावे. भाडे देणाऱ्या माणसासमोरच हे सर्व करावे. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

कोयनाकाठ

आम्ही काल परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना काय झाले ते कळायला हवे, म्हणून जरा मोठे लिहितो.

घरमालकीणबाईंचे उत्तर असे आले होते की शेवटचा रस्ता पक्का आहे, पण एका वळणावर लांब गाडी मागे घ्यावी लागते आणि घरापाशी दोन लहान गाड्या मावतात. यावरून दोन लहान गाड्या घ्यायला हव्या होत्या हे आता उघड दिसते. पण दोघांनीही अनोळखी बाजूने गाडी चालवायची याचे पत्नीला दडपण वाटत होते आणि दोन भाड्यांचा आकडाही मोठा होता. म्हणून आम्ही तीन रांगांची, फोर व्हील ड्राइव्ह असलेली एकच गाडी सेंट थॉमसला घेतली. गाडी पलीकडे नेण्याची परवानगी करारात लिहून घेतली.

सेंट थॉमसच्या पूर्व टोकाला असलेल्या रेड हूकहून गाड्यांची बार्ज सुटते. बाबांना ती पाहताच दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट आठवली. फरक एवढाच की इथे गाडी रिव्हर्समध्ये चढवायला लावतात, म्हणजे पलीकडे सरळ पुढे उतरता येते. बार्जवरचा माणूस हाताने खुणा करत होता, दोन्ही बाजूंना वीतभर अंतर ठेवून गाड्या लावत होता, आणि मला आरशात फक्त त्याचा पंजा दिसत होता. बाबा मागून शांतपणे म्हणाले, ‘त्याच्या हाताकडेच बघ, गाड्यांकडे बघू नकोस.’ तसे केले आणि गाडी जागेवर बसली.

पहिल्या संध्याकाळी नुकतीच सर येऊन गेली होती. घराच्या चढणीवर त्या वळणात गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे काढताना पुढची चाके फिरली, रबराचा वास आला आणि गाडी हातभर मागे सरकली. मी थांबलो. पत्नी, बाबा आणि थोरला मुलगा डावीकडून उतरून वर चालत गेले, आईला आणि धाकट्याला आतच ठेवले, गिअर खालचा घेतला आणि चाके ओल्या शेवाळाच्या पट्ट्यावरून बाजूला, कोरड्या काँक्रीटवर आणली. मग गाडी चढली. त्यानंतर दररोज त्या वळणाआधी तिघे उतरून चालत जात. कोणाची तक्रार नव्हती, पण गाडी निवडताना झालेली चूक ती हीच. मी माणसे मोजून गाडी घेतली आणि रस्ता मोजला नाही.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या थोरल्याला सेंटरलाइन रोडच्या वळणांवर पहिल्याच दिवशी उलटी झाली. पुढे त्याला मधल्या रांगेत आणले आणि पत्नी मागे बसली. डाव्या खांद्याची युक्ती अतिशय उपयोगी पडली. दोनदा माझी चूक झाली, दोन्ही वेळा वाहनतळातून निघताना, आणि दोन्ही वेळा थोरल्याने ओरडून सावध केले. वेगमर्यादा कमी आहे आणि रस्त्यात शेळ्या आणि गाढवे निवांत उभी असतात, त्यामुळे कोणाला घाईही नसते. माहो बेला सकाळी नऊच्या आत पोहोचलो तर जागा मिळाली, उशीर झाला त्या दिवशी दोन फेऱ्या मारून परत फिरावे लागले. लांब गाडीला कडेची अपुरी जागा चालत नाही, हेही तेव्हाच कळले.

विमापत्र, एजंटकडून लेखी उत्तर घेतले होते, त्याची गरज पडली नाही. रानवारा, तुमच्यासारखीच चित्रफीत काढली. गाडी देणाऱ्या मुलाने स्वतःच गुडघे टेकून बंपरची खालची एक जुनी खरवड दाखवली आणि ती कागदावर नोंदवून घेतली.

सागरगोटा

आई उतरल्या का समुद्रावर?

कोयनाकाठ

पाचही दिवस उतरली. घडीचा स्टूल आम्ही घरूनच नेला होता. दार उघडले की थोरला आधी खाली उडी मारून तो जमिनीवर ठेवायचा, एका पायाने दाबून धरायचा आणि मग आजीला हात द्यायचा. माहो बेला ती कमरेइतक्या पाण्यात उभी असताना तिच्यापासून थोड्या अंतरावर एक कासव श्वास घ्यायला वर आले. शेवटच्या दिवशी घाईत स्टूल गाडीच्या मागच्या रांगेतच राहिला. भाडेदाराला मी फोन केला, तेव्हा तो म्हणाला की गाडीतच राहू देतो, पुढच्या कोणाला लागेल.